पुनवेची भरती

"परवा पुनवेची मोठी भरती आसा," केळुसकरकाकी म्हणाल्या आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"कसली भरती?" मी विचारलं.

"कसली म्हणजे? भरती. रोज येता ती." काकी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. "तुमच्याकडे येत नाय?"

"आमच्याकडं वर्षा-दोन वर्षातून एकदा निघती," शिवकन्या म्हणाली. "आन् निघाली तरी सगळ्यांची होत नाही. आमच्या ह्यांची झाली औंदा."

काकींचं सुपातलं निवडणं थांबलं. "घोवाची भरती?"

"हाव. पोलिसात."

मग काकींना उमगलं आणि त्या डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसल्या. हसणं आवरल्यावर त्यांनी आम्हाला समजावलं, की पाणी चढतं ती भरती आणि उतरतं ती सुकती. शिवकन्याही कपाळावर हात मारून हसली. भरती-ओहोटी शाळेत आम्हीही शिकलो होतो, पण शाळेत शिकलेलं वेगळं आणि तोंडात बसलेलं वेगळं. आमच्या लातूरकडे पाणी चढत-उतरत नाही, ते नळाला येतं किंवा येत नाही. तिकडे भरती म्हटली की ती पोलिसाचीच.

मी मात्र हसलो नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. माझी भरती झालेली नव्हती आणि त्या अंगणात ते फक्त मला ठाऊक होतं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा आमच्या लग्नाला दीड महिना झाला होता. त्याआधी सहा वर्षं मी भरतीसाठी पळत होतो. शेवटच्या खेपेला नाव प्रतीक्षा यादीत आलं आणि गावानं त्यातला 'प्रतीक्षा' हा शब्द गाळून टाकला. खरं सांगायचं तर गावाच्या आधी तो आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनीच गाळला. पोरगं पोलिसात लागलं, या एका वाक्यावर सोयरीक जमली. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे कंसात 'महाराष्ट्र पोलीस' असं ठळक अक्षरात छापलं गेलं. पुढे ती यादीच रद्द झाली, आणि माझं भरतीचं वयही संपलं. ते मला कधी कळलं हे जरा पुढे सांगतो, कारण ते सांगताना अजूनही माझी जीभ जड होते.

लग्न झाल्यावर मी शिवकन्येला विचारलं होतं, तुला काय हवं? दागिना मागेल, फार तर तुळजापूरला नेऊन आणा म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बेट बघायचंय."

"बेट?"

"चोहोबाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात," तिनं चौथीतल्या पोरीसारखं एका दमात म्हणून दाखवलं. "पाठ केलं, पेपरात लिवलं, मार्क बी मिळाले. बघितलं कुठं?"

म्हणून आम्ही निघालो. लातूरहून कोल्हापूर, कोल्हापुरातून मालवण, दोन्हीकडे एसटी. सोबत चार दिवस पुरतील एवढे धपाटे, शेंगाची चटणी आणि गाडगंभर दही, जे पंढरपूरच्या अलीकडेच एका खड्ड्यात सांडलं. मालवणजवळ देवबागेत केळुसकरकाकींच्या घरामागची खोली मिळाली. तिला खिडकी एकच होती, पण त्या खिडकीतून समुद्र दिसायचा, त्यामुळे शिवकन्येला ती राजवाड्यासारखी वाटली.

मी मनाशी ठरवून आलो होतो की या चार दिवसांत सांगून टाकायचं. घरी आई, नाना, भाऊ, शेजारपाजार. तिथं बोलायला कोपरा नव्हता. इथं कुणी ओळखीचं नव्हतं. तिला कळलं की ती माहेरी जाईल आणि तिचे बापू तिला परत पाठवणार नाहीत, अशी मला भीती होती. बापू शब्दाचे पक्के आणि रागाचे त्याहून पक्के. त्यांनी एका शिक्षकाचं स्थळ सोडून मला पसंत केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. होडी हलली तशी शिवकन्येनं दोन्ही हातांनी माझा दंड धरला, तो किल्ल्याच्या दरवाजापर्यंत सोडला नाही. आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तिनं ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि पुन्हा पिऊन पाहिलं.

"चारी बाजूंनी खारं आन् मधी गोड," ती म्हणाली. "कसं काय ओ?"

आता सांगावं असं मला वाटलं. "शिवकन्या, तुला एक सांगायचं होतं."

"सांगा की."

मी तटाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. "काकींनी रात्री जेवायला मासे केले तर?"

"तर तुम्ही खा, मी धपाटे खाते," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

चार वाजता सुकतीला आम्ही पद्मगडावर गेलो. पाणी उतरलं की तिथं चालत जाता येतं. शेवाळल्या खडकांवरून ती साडी गुडघ्यापर्यंत धरून भराभर पुढे गेली आणि मी मागून घसरत. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी हिय्या केला.

"ते ऑर्डरचं..."

"आली?" ती गर्रकन वळली. तिचा चेहरा असा उजळला की माझा धीरच खचला.

"नाही. येईल आता," मी म्हणालो.

म्हणजे सांगायला गेलो आणि जुन्या खोट्यावर नव्या खोट्याचा थर देऊन परत आलो. परतताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. संध्याकाळी काकींचा दीर बाबल किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता, त्याच्याशी मात्र ती बराच वेळ बोलत उभी होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचं एक बेट आहे, तिथं तो आम्हाला होडीनं सोडणार होता. भाडं कमी करून घेत असेल असं मला वाटलं. घासाघीस करण्यात तिचा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा वाळूत पळून आलो. शिवकन्या दारात उभी होती.

"भरती झाली ना? मग आता कशापायी पळताव?"

"सवय," मी म्हणालो.

नऊ वाजता बाबलनं आम्हाला बेटावर सोडलं. बेट कसलं, खाडी आणि समुद्र यांच्या मधोमध वर आलेला वाळूचा उंचवटा. झाड नाही, झोपडी नाही, पक्ष्यांची पावलं तेवढी उमटलेली. आमच्या गावच्या दीड एकराएवढं असेल. दुसरे पर्यटक यायचे होते, ते त्या दिवशी आलेच नाहीत.

"आज पुनव, पाणी चांगला चढतला," बाबल जाताना म्हणाला. "पण ढोपरावर जावचा नाय. भिया नको." वाऱ्यात त्याचं निम्मं बोलणं माझ्या कानांपर्यंत आलंच नाही, ते मला नंतर कळलं. चढणार एवढंच ऐकू आलं.

शिवकन्या बेटाभोवती पूर्ण चक्कर मारून आली, सीमा तपासणाऱ्या तलाठ्यासारखी. "चोहोबाजूंनी," ती समाधानानं म्हणाली. मग आम्ही बसून धपाटे खाल्ले. दहा वाजता बेट अर्ध्या एकरावर आलं. साडेदहाला खळ्याएवढं राहिलं. मी उठून उभा राहिलो आणि बाबलच्या होडीसाठी डोळे ताणायला लागलो. होडी कुठेच नव्हती. आम्हाला दोघांनाही पोहता येत नव्हतं. पोहायला शिकायचं तर आधी विहिरीला पाणी लागतं.

"अहो, भरती आली," शिवकन्या म्हणाली. ती पाण्याकडे बघत होती.

"गेली," मी म्हणालो.

"गेली कुठं? चढलालीय की."

"माझी भरती गेली, शिवकन्या. यादी रद्द झाली. ऑर्डर येणार नाही. कधीच येणार नाही."

एक लाट आली आणि आमच्या चपला उचलून थोड्या पुढे ठेवून गेली. शिवकन्येनं त्या शांतपणे गोळा केल्या.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच म्हणजे?"

"दुसरी कुणी बाई नाही ना?"

"कसली बाई?"

"देवाशपथ?"

"अगं, कसली बाई? मी नोकरीचं सांगायलोय तुला."

ती मटकन ओल्या वाळूत बसली आणि हसायला लागली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "घशात हाड अडकल्यागत करलालाव दीड महिना. फोन आला की बाहेर जाताव. हाक मारली की दचकताव. मला वाटलं, कुणावर तरी जीव हाय ह्यांचा आन् माझ्याशी बळंच लग्न लावलंय. झोप नाही मला, ठाऊक हाय का?"

मलाही हसू आलं. छातीवरची धोंड उतरली असं वाटलं, मी तिच्या शेजारी बसायला वाकलोसुद्धा. तेवढ्यात तिनं विचारलं, "कधी कळलं?"

आता मघाशी राहिलेलं सांगतो. मागच्या आठवड्यात कळलं, असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता. माझ्या तोंडात ते वाक्य तयारही होतं. पण लाटा घोट्याला लागत होत्या, बाबलचा पत्ता नव्हता, आणि मला खरोखर वाटत होतं की आपण आज बुडणार. बुडताना खोटं बोलायचा धीर माझ्यात नव्हता.

"लग्नाच्या आठ दिवस आधी," मी म्हणालो.

तिचं हसणं थांबलं. ती उठली आणि माझ्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब गेली. बेट आता बाजेएवढं उरलं होतं, त्यामुळे ती चार पावलंच जाऊ शकली. तिथं माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आठ दिवस आधी बापू पत्रिका वाटत फिरत व्हते," ती समुद्राला सांगितल्यासारखं म्हणाली. "स्वतः. मोटारसायकलवर. घरोघरी जाऊन कंसावर बोट ठेवायचे, वाचा म्हणायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचे."

माझ्या लाजेला त्या दिवशी पहिल्यांदा बापूंचा चेहरा मिळाला. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं आणि तिथं थांबलं. तेव्हा बाबलची होडी फटफटत आली.

"इतका उशीर?" मी त्याच्यावर ओरडलो. "माणसं मरायची वाट बघत होता काय?"

"माज्यार कित्याक रागावतास?" बाबल म्हणाला. "तुमच्या बायलेनच काल सांगल्यान, पुरी भरती झाल्याबगर येव नको म्हणान. मी थंयसरच होतंय, कांदळाच्या झाडांमागे. तुमका बघीत होतंय."

मी शिवकन्येकडे पाहिलं. ती होडीत चढली, पदर पिळला आणि म्हणाली, "किल्ल्यावर सांगता आलं नाही, खडकावर सांगता आलं नाही. म्हणलं, चारी बाजूंनी पाणी असल्यावर तरी माणूस कुठं पळंल?"

दुपारी तिनं धपाटे वाढले, चटणी वाढली, शब्द वाढला नाही. काकींनी आम्हा दोघांकडे बघून जे ओळखायचं ते ओळखलं आणि संध्याकाळी सोलकढीचा तांब्या मुकाट्यानं दाराशी ठेवून गेल्या.

चौथ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा शिवकन्या खोलीत नव्हती. पिशवी कोपऱ्यात होती, पण तिच्या चपला नव्हत्या. सहाची एसटी कोल्हापूरला जाते हे तिला ठाऊक होतं. मी बनियनवर तसाच धावत सुटलो. आधी रस्त्यानं थांब्यापर्यंत, तिथं कुणी दिसेना म्हणून माडांमधून किनाऱ्याकडे. सहा वर्षांत एवढ्या जोरात पळालो असतो तर यादीत पहिला आलो असतो.

सुकती होती. पाणी पार लांब गेलं होतं आणि ओली वाळू खाडीपर्यंत उघडी पडली होती. त्या वाळूत दोन बाया ओणव्या होऊन काहीतरी उकरत होत्या. एक काकी, दुसरी शिवकन्या. साडी खोचलेली, हात कोपरापर्यंत चिखलात, शेजारी टोपलीत तिसऱ्यांचे शिंपले. उभ्या आयुष्यात शिंपला न पाहिलेली माझी बायको ते हेरून हेरून काढत होती.

मी धापा टाकत जवळ गेलो. तिनं मान वर केली नाही.

"काकी, ह्यांना सांगा की मघाशी मला काय सांगितलाव ते," ती म्हणाली.

"मी काय सांगतलंय?" काकी म्हणाल्या. "भरतीत कोण काय काढता गो? पाणी बघीत बसायचा. काय मेळता ता सुकतीतच." एवढं बोलून त्यांनी आपली टोपली उचलली आणि जरा पलीकडे जाऊन उकरायला लागल्या.

शिवकन्या उभी राहिली. "फोन हाय का?"

होता. खिशात नव्हे, पळताना मुठीतच धरला होता.

"बापूला लावा. सगळं सांगा. आठ दिवस बी सांगा."

"घरी गेल्यावर सांगतो. समोर बसून."

"इथून. आत्ता."

मी फोन लावला. बापू पहाटे चारलाच उठतात. "बोला जावई, काय म्हणतोय समिंदर?" त्यांचा आवाज खुशीतला होता. मी सगळं सांगितलं. यादी, वय, आठ दिवस. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर मी फोन कट झाला का ते पाहिलं.

"पोरीला द्या," ते म्हणाले.

शिवकन्येनं हात साडीला पुसून फोन घेतला. पलीकडचा आवाज मला अस्पष्ट ऐकू येत होता, आणि त्यात 'आजच्या आज' हे शब्द दोनदा आले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बापू, मला ठाऊक व्हतं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"हाव. लग्नाच्या आधीपासून. ह्यांनी मला सांगितलं व्हतं. मीच म्हणलं, बोलू नका कुणाला... तर मग माझ्यावर बी रागवा. दोघांवर रागवा. ठेवते."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि खाली बसून टोपलीतल्या तिसऱ्या उगाच खालीवर करायला लागली.

"का बोललीस असं?" मी विचारलं.

"एकट्याला बापूनं घरात घेतलं नसतं. दोघांना घ्यावंच लागंल." तिनं नाक ओढलं. "आजपर्यंत बापूशी कधी खोटं बोलले नव्हते. आता तुमचं एक झालं, माझं एक झालं. ह्याच्यापुढं आपल्या घरात एक बी नको. घेतलाव का ध्यानात?"

मी मान हलवली. बोललो असतो तर रडलो असतो, आणि काकी फार लांब नव्हत्या.

"नोकरी पाहिजे का म्हणून मला कुणी विचारलंच नव्हतं," ती पुढे म्हणाली. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी तुम्हाला आधीच बघितलं व्हतं, औशाच्या रोडला. आम्ही शेंगा काढायला जायचो तवा तुम्ही पळत जायचाव. पाऊस असू दे, थंडी असू दे. मैत्रिणी हसायच्या, ह्याच्या मागं कुत्रं लागलंय म्हणायच्या. मला वाटायचं, हा माणूस धरलेलं सोडत नाही. म्हणून हो म्हणले. आन् लग्न झाल्यावर बघते, तर माणूस नुसता माझ्यापासून पळलालाय."

सूर्य माडांच्या वर आला होता. ओल्या वाळूवर आमच्या दोघांच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या.

"आज पळला नाहीत," ती म्हणाली.

"आत्ता पळालो की. तुला शोधायला."

"ते धरत नाही. भ्यालेलं पळणं व्हतं ते." तिनं खाडीच्या टोकाकडे बोट दाखवलं. "तिथवर जाऊन या. मी बघते."

मी पळालो. सुकतीची वाळू रस्त्यापेक्षा चांगली असते, पाय रुतत नाही आणि गुडघ्याला मार बसत नाही. टोकाला पोचलो तेव्हा खाडीच्या तोंडाशी आमचं बेट पुन्हा वर आलेलं दिसलं, पुरतं दीड एकर. परत वळलो तर शिवकन्या कपाळावर हात धरून उभी होती, औशाच्या रोडला कदाचित उभी राहायची तशीच.

बापू आमच्याशी सव्वा वर्ष बोलले नाहीत. मग एका दिवाळीला त्यांनी ट्रॅक्टरला फाळकं लावून आपल्या माळरानाचा तुकडा सपाट करून दिला, तोही न बोलताच. त्यावर आम्ही पोरापोरींना भरतीसाठी पळवतो. आतापर्यंत बरीच लागली, त्याहून जास्त राहिली. मी पळणं शिकवतो, गोळाफेक शिकवतो. प्रवेश मात्र शिवकन्या देते, आणि तिची परीक्षा एकाच प्रश्नाची असते.

"भरती गेली," ती नव्या आलेल्या प्रत्येकाला विचारते, "तर पहिलं घरी कुणाला सांगशील?"

कुणी आई म्हणतं, कुणी मोठा भाऊ म्हणतं, कुणी नुसतंच खाली बघतं. ती उत्तर मिळेपर्यंत वहीत नाव लिहीत नाही. मग लिहिते, टोपण लावते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "त्याच दिवशी सांगायचं. आमच्या सरांगत समिंदरापर्यंत जायची गरज नाही."